लेकरू परदेशी शिकायला जायचं, तर कशाच्या बळावर?

(मुदखेड येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



आजचा विषय ऐकून मागच्या रांगेतले काही जण हसले, ते मी पाहिलं. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेचं बिल हे सगळं सोडून आज 'सायबर सुरक्षा', आणि तीही परदेशात जाऊन शिकायची! हे काय नवीन खूळ? पण गेल्या दोन हंगामांत बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन बापलोकांनी जो प्रश्न विचारला, तो भावाचा नव्हता. पोरगं नांदेडला शिकून इंजिनियर झालंय. आता म्हणतं, इंग्लंडला जाऊन सायबर सुरक्षेत एम.एससी. करतो. पस्तीस लाख लागतात. बँक जमीन तारण घेत नाही. भाऊ, दोन एकर काढून टाकू का?

जमीन विकायची की नाही, हा प्रश्न आला की तो आपल्या बैठकीचा विषय झाला. म्हणून मी आज त्यावर बोलणार आहे. माझं शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठातलं. संगणक हा काही माझा विषय नाही. पण खर्च मांडायचा, उत्पन्न धरायचं आणि मध्ये काय-काय बुडू शकतं ते बघायचं, हे शेतीशास्त्राने मला शिकवलं आहे. तेवढं या प्रश्नाला पुरतं.

चोरी इथेच झाली

आधी हे समजून घ्या की पोरगं काहीतरी हवेतलं शिकायला निघालेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून चौदा कोटींहून जास्त रुपये गेले. कुणी तिजोरी फोडली नाही, कुणी सुरा दाखवला नाही. आपण आर.टी.जी.एस. म्हणतो त्या रस्त्याने पैसे शेकडो खात्यांत वाटले गेले, आणि तपासाचे धागे पार परराज्यात गेले. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एका शनिवारी, काही तासांत, २८ देशांतल्या ए.टी.एम. यंत्रांतून माणसांनी नोटा काढल्या. दोन्ही बँका सहकारी. म्हणजे मोंढ्यातल्या आडत्याचा, मास्तरचा, आपल्यासारख्याचा पैसा.

बँक दूरची वाटत असेल तर कापसाचं बघा. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये सुरू झालेला संगणकाचा एक विषाणू दुसऱ्या दिवसापर्यंत मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात पोचला आणि तिथल्या एका धक्क्याचं काम थांबलं. ज्या बंदरातून गाठी जातात, ते बंदर! सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या न्यू कोऑपरेटिव्ह नावाच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे संगणक चोरांनी कुलूप लावून बंद केले आणि ५९ लाख डॉलर मागितले. वेळ कोणती निवडली? मका-सोयाबीन काढणीची. चोराला हंगाम बरोबर कळतो.

आणि आता आपल्या घरात या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पेरा तुम्ही मोबाईलवर नोंदवता. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जमीन, पीक, आधार, खातं सगळं एका सुतात ओवलं. एकदा सूत तुटलं, की मणी कुठे-कुठे जातील? 'पी.एम. किसानचा हप्ता अडकला आहे, हे ॲप उतरवा' असा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो, माणूस बोट लावतो, आणि खातं साफ. (तसं झालं तर लाजत बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत पैसा अडवता येतो, पुढे तो हातोहात निघून जातो.) ही राखण कुणी तरी करायला पाहिजे. ती आपल्या लेकरांनी शिकली तर मला आनंदच आहे.

तिथे शिकवतात काय?

मी एका पोराकडून अभ्यासक्रमाचा कागद मागून घेतला आणि वाचला. मला तर तो पीकसंरक्षणाचा वाटला! तुम्ही कपाशीत कामगंध सापळा लावता. नर पतंग येतो, अडकतो, तुम्हाला कळतं की गुलाबी बोंडअळी आली. हे लोक तसाच एक खोटा संगणक मुद्दाम उघडा ठेवतात. चोर येतो, त्यात शिरतो, आणि त्याची चाल कळते. आपण म्हणतो, सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले की फवारणीचा विचार करा. त्यांचंही तसंच. प्रत्येक खडखडाटाला धावायचं नाही, कुठल्या पातळीला धावायचं ते ठरवायचं. शिवारभर एकच वाण लावलं की अळी एकदा सरावली म्हणजे सगळंच खाते, हे २०१७ साली आपण पाहिलं. देशभरच्या कचेऱ्यांत एकच संगणक प्रणाली असली की तिथेही हेच होतं. त्याशिवाय सांकेतिक लिपीचं गणित, चोरीनंतर संगणकातले ठसे गोळा करणं, आणि कायदा. गणित कच्चं असेल तर इथे डाळ शिजत नाही, हे पोरांनो तुम्ही ऐकून ठेवा.

पस्तीस लाख म्हणजे किती कापूस?

आता हिशोब. इंग्लंडची एम.एससी. एक वर्षाची. फी विद्यापीठागणिक वेगळी, पण वीस हजार पौंड धरून चला. एक पौंड ११५ रुपये धरला तर २३ लाख. त्याशिवाय राहण्या-खाण्याची रक्कम खात्यात दाखवावी लागते. लंडनबाहेर ती नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड, नऊ महिन्यांची. म्हणजे १०,५३९ पौंड, बारा लाखांच्या वर. आणि ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून राहिली पाहिजे. शेजाऱ्याकडून आज आणली, उद्या परत केली, असं चालत नाही. वर आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. विमानाचं तिकीट वेगळं. पस्तीस लाख हा आकडा पोरगं फुगवून सांगत नाही.

२०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पस्तीस लाखांना भागा. ४३२ क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर ८६ एकरांचा सगळा कापूस. बी, खत, फवारणी, वेचणी काहीही वजा न करता! ज्वारीत बोलायचं तर मालदांडीचा त्या वर्षीचा हमीभाव ३,७४९, म्हणजे सव्वानऊशे क्विंटलहून जास्त. या मांडवात ८६ एकरवाला कोण आहे, त्याने हात वर करावा. (हशा)

कर्ज काढलं तर? साडेदहा टक्क्यांनी पस्तीस लाख, दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता ४७ हजारांच्या आसपास. शिक्षण चालू असतानाचं व्याज साठत गेलं तर त्याहून जास्त. पोराला तिकडे पौंडात पगार लागला तर हा हप्ता सुसह्य आहे. पण ते परत आलं, पुण्यात सुरुवातीला चाळीस हजारांवर लागलं, तर पगार एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने बँकेला द्यायचा, आणि वरचे सात हजार बापाने पाठवायचे. पैसा पौंडात खर्च झाला, फेड रुपयात होते. यातला धोका कापूस विकणाऱ्याला मी काय सांगावा?

जमीन आहे, पत नाही

बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या हमी योजनेवर भागतं. त्याच्या वर गेलं की बँक म्हणते, तारण आणा. शेतकरी सातबारा पुढे करतो. बँक म्हणते, हा नको, बिगरशेती प्लॉट आणा, शहरातला फ्लॅट आणा, मुदत ठेव आणा.

हे असं का? २००२ साली बँकांना थकबाकीदाराचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा कायदा झाला, सरफेसी म्हणतात तो. त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. हेतू चांगला असेल. उद्या बँकेचा अधिकारी पोलीस घेऊन बांधावर उभा राहू नये, हे आपल्यालाही पाहिजेच. पण परिणाम बघा. जी वस्तू बँकेला झटपट विकता येत नाही, ती बँकेच्या लेखी तारणच नाही. पाच एकरांचा मालक आणि शहरात दोन खोल्यांचा मालक बँकेच्या दारात उभे राहिले, तर खोल्यांवाला आत जातो. कायद्याने आपली जमीन राखली आणि तिची पत घालवली. मग बापापुढे एकच वाट उरते: गहाण पडत नाही, तर विकून टाक. गहाण जमीन कधी तरी सुटते. विकलेली कोणी परत आणली?

खाजगी कंपन्या तारणाशिवायही कर्ज देतात, पण त्या सहकर्जदाराचा पगार किंवा आयकराचं विवरणपत्र मागतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून आपण विवरणपत्र भरत नाही. भरत नाही म्हणून आपल्याला उत्पन्नच नाही! आणि गंमत बघा: शिष्यवृत्तीला तहसीलचा दाखला कमी उत्पन्नाचा लागतो, कर्जाला भरपूर उत्पन्नाचा पुरावा लागतो. एकाच बापाने एकाच महिन्यात गरीबही असायचं आणि श्रीमंतही.

एक उपाय सांगतो. गावठाणातल्या घराला पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना आठशिवाय कागद नव्हता. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतंय. ज्यांच्या गावची मोजणी झाली आहे त्यांनी ते पत्रक घरात आणून ठेवा, नाव-क्षेत्र तपासा. सगळ्या बँका ते लगेच घेतील असं मी म्हणत नाही. पण कागद नसलेल्या घराला तर कोणीच विचारत नाही.

पदवीनंतरचं कुंपण

एजंट तुम्हाला प्रवेशापर्यंत सगळं सांगतो. त्यानंतरचं सांगत नाही. त्याला पैसे कोण देतं ते विचारा. बऱ्याच वेळा विद्यापीठच त्याला प्रत्येक प्रवेशामागे दलाली देतं. म्हणजे तो तुमचा आडत्या नाही, समोरच्या खरेदीदाराचा आहे. २०२३ साली पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना कॅनडातून परत पाठवायच्या नोटिसा आल्या, कारण एजंटाने दिलेली प्रवेशपत्रंच खोटी होती. पोरं तिथे शिकून मोकळी झाली होती, तेव्हा ते उघड झालं.

इंग्लंडमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहून काम शोधायची मुभा २०२१ पासून होती. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती अठरा महिन्यांवर आणली आहे. त्यानंतर राहायचं तर कंपनीने कामाचा परवाना पुरस्कृत करायचा, आणि जुलै २०२५ च्या नियमाने नव्या पदवीधरालाही वर्षाला निदान ३३,४०० पौंड पगार पाहिजे. अमेरिकेत पदवीनंतर एक अधिक दोन अशी तीन वर्षं मिळतात, पण सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्यांचा देश, त्यांचे नियम. आपण निर्यातबंदी पाहिलेली माणसं आहोत, नियम एका रात्रीत बदलतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता या विषयापुरतं एक खास कुंपण आहे, ते नीट ऐका. सायबर सुरक्षेतली पुष्कळ कामं सरकार, लष्कर, वीजमंडळं यांची असतात. तिथे माणसाची पार्श्वभूमी तपासतात. अमेरिकेत गोपनीय कामाची ती मंजुरी नागरिकालाच मिळते. इंग्लंडमध्ये त्या तपासणीसाठी साधारण पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. साधं संगणकाचं शिक्षण घेतलेल्या पोरापुढे जेवढी दारं उघडी, तेवढी या पोरापुढे नाहीत. बँका, विमा कंपन्या, सल्लागार कंपन्या यांची उरतात. ती कमी नाहीत, पण जाहिरातीत 'लाखो जागा रिकाम्या' असं छापतात, त्यातल्या किती परदेशी पोराला खुल्या, ते विचारून घ्या.

मग जाऊच नये का?

मी असं म्हणालो नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जाऊन शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर काम केलं. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन बडोद्यात दहा वर्षं नोकरीची अट. दुसऱ्याच्या पैशावर जाणं यात कमीपणा नाही. उलट तीच पहिली वाट बघायची.

राज्य सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी २००३ पासून आहे, वर्षाला ७५ जागा. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची शिष्यवृत्ती २०२३ मध्ये सयाजीरावांच्याच नावाने निघाली, तिच्याही ७५. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, खुला वर्ग यांच्या वेगळ्या. विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागतं. अटी दरवर्षी हलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचायचा, कुणाच्या तोंडून ऐकायचा नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर या दोघांना मिळून चार. साऱ्या देशात चार! पण त्या चार आहेत हे आपल्या सालदाराच्या पोराला माहीत तरी असू द्या.

दुसरं, देश. सगळे इंग्लंडलाच का धावतात? जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी-फी नाही, सहामाहीला काही शे युरो भरावे लागतात. सारब्रुकेनच्या विद्यापीठात सायबर सुरक्षेची एम.एससी. आहे, बोखुमला संगणक सुरक्षेची. तिथे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात, सुमारे बारा लाख. पण ते फीत जात नाहीत, पोराला दरमहा ९९२ युरो असे खर्चाला परत मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने. अडचण कोणती? दोन वर्षं लागतात, प्रवेश अवघड, आणि शिकवणं इंग्रजीत असलं तरी नोकरीला जर्मन भाषा लागते. इथूनच शिकायला सुरुवात करा. सगळीकडे फुकट आहे असंही नाही: बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतात आपल्या मुलांना सहामाहीला १,५०० युरो पडतात.

एस्टोनिया नावाचा एक देश आहे. लोकसंख्या तेरा-चौदा लाख, आपल्या नांदेड जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. २००७ साली त्या देशावर संगणकांवरून हल्ला झाला, बँका आणि वर्तमानपत्रं बंद पडली. त्यातून ते शहाणे झाले, आणि आज ताल्लिनचं तंत्रविद्यापीठ व तार्तूचं विद्यापीठ मिळून हाच विषय शिकवतात. ज्याच्या शेतात अळी पडून गेली, त्याच्याकडून फवारणी शिकावी.

तिसरं, घाई. पदवी हातात पडल्याबरोबर जाऊ नका. पुण्याच्या सी-डॅकचा संगणक सुरक्षेचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. गांधीनगरचं न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. गेटची परीक्षा देऊन आय.आय.टी. आहे. दोन वर्षं इथे काम करा. ज्याला काम येतं त्याला बाहेर शिष्यवृत्तीही लवकर मिळते आणि नोकरीही. आणि हा विषय आपल्याला आवडतो का, हे पस्तीस लाख घालवायच्या आधी कळतं.

एका बाईने आत्ता चिठ्ठी पाठवली आहे. लिहिलंय, पोरीने जायचं म्हटलं तर? ताई, वरचा सगळा हिशोब पोरीलाही तोच आहे. उलट राष्ट्रीय शिष्यवृत्तीत तीस टक्के जागा मुलींना राखून आहेत. पोराला दोन एकर विकायला निघालेला बाप पोरीच्या वेळी 'लग्नाचं बघू' म्हणतो. जो हिशोब पोराच्या वेळी मांडला तोच पोरीच्या वेळी मांडा, आणि तिचे गुण जास्त असतील तर आधी तिला पाठवा.

आणि दोन एकरांच्या प्रश्नाला माझं उत्तर: विकू नका. शिष्यवृत्ती मिळाली तर जाऊ द्या. जर्मनीसारखं बारा-पंधरा लाखांत बसत असेल, आणि पोरगं दोन वर्षं कमावतं झालेलं असेल, तर कर्जाचा विचार करा. फक्त जमीन विकूनच जाता येत असेल, तर या वर्षी नाही.

जायचं ठरवणाऱ्यांनी कागद आत्तापासून काढा. जात पडताळणी, अधिवास, गेल्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, सगळ्या सहामाह्यांच्या गुणपत्रिका. पडताळणीला महिने लागतात आणि शिष्यवृत्तीची जाहिरात तेवढे दिवस थांबत नाही. जर्मनीला जाणाऱ्यांना ए.पी.एस.चा दाखला लागतो, त्यालाही वेळ लागतो. ज्यांना एजंटाने काही छापील कागद दिला असेल, त्यांनी सही करायच्या आधी पुढच्या बैठकीला तो घेऊन या. सगळे मिळून ओळ न ओळ वाचू.